इशा ते फजर: न्याहारीची तयारी

आमच्या घरी न्याहारीची मुख्य तयारी इशाच्या, म्हणजे रात्रीच्या नमाजनंतर सुरू होते. चिपळुणात जानेवारीत फजरची, म्हणजे पहाटेच्या नमाजची वेळ सहाच्या सुमारास लागते, सूर्य सातनंतर उगवतो आणि मुलांना साडेसातला घर सोडावं लागतं. नमाज झाल्यावर हातात जेमतेम तास-सव्वा तास उरतो. जूनमध्ये तीच फजर पाचच्या आत लागते, तेव्हा वेळच वेळ असतो. म्हणून ही यादी थंडीचे दिवस धरून लिहिली आहे. हिवाळ्यात जमली की वर्षभर जमते.

पहिलं काम झोपेचं. प्रेषित मुहम्मद (स.) यांना इशाआधी झोपणं आणि इशानंतर गप्पा मारत बसणं आवडत नसे, असं बुखारी या संग्रहातल्या हदीसमध्ये (प्रेषितांच्या वचन-आचरणाच्या नोंदीत) आहे. आमच्याकडे इशानंतर सगळ्यांचे मोबाईल फडताळात जातात, माझासुद्धा. दहाच्या आसपास दिवे मालवले तरच फजरनंतर पुन्हा गोधडीत शिरावंसं वाटत नाही. तेवढा पाऊण तास झोपेत गेला की चहा-बिस्किटांवर भागवावं लागतं. 'ऐ अल्लाह, माझ्या उम्मतच्या (अनुयायांच्या) सकाळच्या वेळेत बरकत दे' ही दुआ (प्रार्थना) लहानपणी मदरशात पाठ केली होती. ती मनाला भिडली खूप नंतर, घावन्याचा तवा तापत असताना कुराणाचं एक पान वाचून झालं त्या सकाळी.

आता ओटा. घावन्यांसाठी दोन वाटी जुने तांदूळ आणि अर्धी वाटी मुगाची डाळ दुपारीच भिजत घाला, रात्री बारीक वाटा आणि पीठ फ्रिजमध्ये ठेवा. नुसत्या तांदळाची घावनं जास्त जाळीदार होतात हे कबूल, पण डाळीमुळे मुलांना अकरा वाजता भूक लागत नाही. पाणी आणि मीठ सकाळीच घाला. पीठ ताकाइतकं पातळ हवं, तवा चांगला तापलेला हवा आणि पहिलं घावन बिघडलं तरी हिरमुसू नका. नाचणीची आंबील करायची असेल तर माणशी दोन चमचे पीठ वाटीभर पाण्यात कालवून रात्रभर ठेवा. सकाळी पाच मिनिटं ढवळत शिजवायची, गार झाली की ताक, मीठ, जिरं. अंडी रात्रीच उकडून सालीसकट फ्रिजमध्ये ठेवली तरी चालतात. एका अंड्यातून साधारण सहा ग्रॅम प्रथिनं मिळतात. खजूर धुऊन, बिया काढून डब्यात ठेवा. बी काढताना आत कीड आहे का तेही दिसतं.

झोपण्याआधी झाकणं बघा. रात्री बिस्मिल्लाह म्हणून भांडी झाका, झाकायला काही नसेल तर एखादी काडी तरी आडवी ठेवा, पाण्याच्या मशकांची तोंडं बांधा, दिवे विझवा, असं प्रेषितांनी सांगितल्याचं त्यांचे सहकारी हजरत जाबिर (र.) यांच्याकडून आलं आहे. माझ्या सासूबाई भिजवलेल्या डाळीवर ताटली ठेवताना आजही मोठ्याने बिस्मिल्लाह म्हणतात. मशकांच्या जागी आता आमच्या पाण्याच्या बाटल्या आहेत आणि विझवायच्या आगीच्या जागी गॅसचा रेग्युलेटर. तो बंद करायचं काम थोरल्याकडे आहे.

चहाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण त्याची किंमत आम्ही मोजली आहे. दोन वर्षांपूर्वी लेकीचं हिमोग्लोबिन ९.८, म्हणजे कमी निघालं. घरात नाचणी, डाळी, खजूर सगळं होतं. डॉक्टरांनी औषध लिहिलं आणि विचारलं, 'चहा कधी पिते?' न्याहारीबरोबरच पीत होती, आमच्या सगळ्यांसारखी. धान्या-डाळींतलं लोह अंगी लागण्यात चहा आडवा येतो, ही गोष्ट मला चाळिशीत कळली. तेव्हापासून न्याहारीच्या ताटलीत लिंबाची फोड, पेरू नाहीतर आवळा असतो, कारण 'क' जीवनसत्त्वाने तेच लोह जास्त शोषलं जातं. मुलांचा सकाळचा चहा बंद झाला. मोठ्यांनी प्यायचा तर तासाभराने.

बाजाराचं थोडक्यात. जिलेटिनवाल्या (ते जनावरांच्या हाडा-कातड्यापासून बनतं) जेलीच्या गोळ्या, मग त्या जीवनसत्त्वांच्या का असेनात, हलालची खात्री नसेल तर घेऊ नका. पाकिटावरचं बारीक अक्षर वाचायची सवय मुलांना लावा. डब्यातल्या गोड कुरकुरीत न्याहाऱ्यांमध्ये साखर किती आहे, तेही तिथेच कळतं.

घरात आजारी किंवा खचलेलं कोणी असेल तर जवाचं पीठ हाताशी ठेवा. तल्बीना म्हणजे जवाची पातळ लापशी. तिने आजाऱ्याच्या मनाला आराम पडतो, अशी प्रेषितांच्या पत्नी हजरत आयेशा (र.) यांच्याकडून आलेली हदीस आहे. दोन चमचे पीठ कपभर पाण्यात मंद आचेवर दहा मिनिटं शिजवायचं, मग दूध आणि चमचाभर मध. सासरे अंथरुणाला खिळले होते तेव्हा बाकी काही घशाखाली उतरत नव्हतं, हे मात्र ते वाटीभर घ्यायचे. दोन गोष्टी विसरू नका. वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात द्यायचा नाही, आणि मधुमेह असेल तर मध-खजूर डॉक्टरांना विचारून आणि मोजूनच.

कामाची वाटणी रात्रीच ठरू द्या. प्रेषित घरी असताना घरच्यांच्या कामाला हात लावत आणि अजान झाली की नमाजला निघत, हे मुलग्यांना सांगावं आणि बापाने करून दाखवावं. आमच्याकडे मशिदीतून परत आल्यावर मुलांचे अब्बू अंडी सोलतात आणि बाटल्या भरतात. लेक दस्तरखान (जेवणाची चादर) अंथरते, धाकटा खजुराचा डबा आणतो. मी तव्यापाशी असते. एकट्या बाईच्या जिवावर ही यादी चार दिवसांवर टिकत नाही, हे मी स्पष्टच सांगते.

जेवायला मात्र बसायचंच, दहा मिनिटं का होईना. बिस्मिल्लाह, उजवा हात, आपल्या समोरचंच घ्यायचं. घाईत बिस्मिल्लाह राहिली तर आठवल्यावर 'बिस्मिल्लाही अव्वलहू व आखिरहू' म्हणायचं. धाकट्याला हे इतकं आवडलंय की शेवटच्या घासाला तो मुद्दाम म्हणतो. पदार्थाला नावं ठेवायची नाहीत. आवडला तर खायचा, नाही आवडला तर गप्प बाजूला सारायचा. ताटलीत कमी वाढा, लागलं तर पुन्हा घ्या. 'खा, प्या, पण उधळपट्टी करू नका' हे कुराणातलं वाक्य आमच्या ताटलीपासून सुरू होतं.

सोमवारी-गुरुवारी कुणाचा नफील (ऐच्छिक) रोजा असेल तर त्याची सेहरी (रोज्याआधीचं पहाटेचं खाणं) आदल्या रात्री वेगळी काढून ठेवा: उकडलेली दोन अंडी, दही, तांदळाची भाकरी, खजूर. बाकीच्यांची न्याहारी नेहमीसारखीच होते.

घावन्याचं पीठ उरलं तर मुलं गेल्यावर आणखी चार घावनं काढते. दोन सासूबाईंना दहाच्या चहाआधी, दोन शेजारच्या काकूंकडे. त्यांची ताटली अजून आमच्याकडेच आहे, उद्या त्यातच पाठवायची आहेत.