कधीपासून?

बी.कॉम. झाल्यावर २०१५च्या जूनमध्ये मी साताऱ्याहून पुण्यात आले आणि हिंजवडीतल्या एका कंपनीत 'बेनिफिट्स प्रोसेस'ला लागले. अमेरिकेतल्या कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांचा आरोग्यविमा सांभाळायचं काम, असं घरी सांगितलं. आई म्हणाली, "त्यांचं त्यांना बघता येत नाही का?" या प्रश्नाचं नीट उत्तर मला साधारण दोन वर्षांनी देता आलं. हल्ली कॉलेजातली मुलंमुली या कामाबद्दल विचारतात, त्यांच्यासाठी लिहितेय.

सगळ्यात आधी मेडिक्लेम डोक्यातून काढून टाका. आपल्याकडे पॉलिसी आपण घेतो. नोकरी गेली तरी हप्ता भरला की ती चालू राहते. अमेरिकेत नोकरदार माणसाचा विमा बहुतेक करून मालकाच्या गळ्यात बांधलेला असतो. २३ मार्च २०१० रोजी सही झालेल्या 'अफोर्डेबल केअर अॅक्ट'ने, म्हणजे आमच्या बोलीत एसीएने, हे बंधन मोठ्या मालकांवर पक्कं केलं. पन्नास किंवा जास्त पूर्णवेळ माणसं असतील तर त्यांना विमा देऊ करा, नाहीतर दंड. अर्धवेळवाल्यांचे तास एकत्र करून त्यांचीही 'पूर्णवेळ' माणसं मोजायची. पूर्णवेळ म्हणजे आठवड्याला सरासरी ३० तास किंवा महिन्याला १३०. हे २०१४पासून व्हायचं होतं, पण एक वर्ष पुढे ढकललं गेलं. शंभर किंवा जास्त माणसं असलेल्या मालकांना २०१५ लागू, पन्नासवाल्यांना २०१६. म्हणजे मी लागले तेव्हा कामावरचे जुने लोकही नव्यासारखेच चाचपडत होते. ते माझ्या पथ्यावर पडलं.

ट्रेनिंगमध्ये १०९५-सी या फॉर्मच्या, म्हणजे कुणाला कोणता विमा देऊ केला हे मालकाने सरकारला कळवायच्या फॉर्मच्या, कोडचा तक्ता देतात. कर्मचाऱ्याला दर महिन्याला काय देऊ केलं ते ओळ १४मध्ये, त्याचा सगळ्यात स्वस्त प्लॅनचा हप्ता १५मध्ये, आणि मालकाला दंड का लागू नये त्याचं कारण १६मध्ये. 'एक ई' म्हणजे स्वतः, नवरा-बायको, मुलं या सगळ्यांना देऊ केलं. 'एक एच' म्हणजे देऊच केलं नाही. 'दोन सी' म्हणजे विमा घेतला. बॅचमधली हुशार मुलं हे तोंडपाठ करतात आणि पहिल्याच फाईलवर आपटतात. मीही आपटले. आमची टीम लीड कोड कधीच विचारायची नाही. खुर्ची मागे सरकवून एकच विचारायची, "कधीपासून?" कामाला कधीपासून, पात्र कधीपासून, विमा कधीपासून, कायदा कधीपासून. तेव्हा राग यायचा. आज नव्यांच्या खुर्च्यांमागे उभी राहून मीही तेच विचारते.

माझी पहिली मोठी चूक सांगते, म्हणजे हा प्रश्न का ते कळेल. एका क्लायंटच्या सेटअपच्या कागदात लिहिलं होतं, 'नोकरीचे ९० दिवस झाल्यावर येणाऱ्या महिन्याच्या एक तारखेपासून विमा.' वाचायला किती सरळ! मी तसंच सिस्टीमला भरलं. आता ८ फेब्रुवारी २०१६ला, सोमवारी, रुजू झालेला माणूस घ्या. फेब्रुवारीचे २२ दिवस (लीप वर्ष, म्हणून २९ तारीख), मार्चचे ३१, एप्रिलचे ३०, आणि ७ मेला ९० पूर्ण. कायदा सांगतो की वाट बघायला लावायची मुदत ९० दिवसांच्या पुढे जाता कामा नये, आणि त्यात शनिवार-रविवार सगळे धरायचे. म्हणजे ८ मेपासून विमा हवाच. माझ्या सेटअपने दिला १ जूनला. मधले २४ दिवस. दंड माणशी दिवसाला १०० डॉलर, म्हणजे एका माणसामागे २,४००. कागद क्लायंटचा होता, पण भरताना बोट ठेवून विचारायचं काम माझं होतं. क्यूसीमधल्या, म्हणजे काम तपासणाऱ्या टीममधल्या, एका मुलाने फाईल लाइव्ह जायच्या आधी पकडलं. म्हणून दुरुस्ती स्वस्तात झाली, '९०'च्या जागी '६०'. मग ७ एप्रिलला साठ भरतात, १ मेपासून विमा सुरू होतो आणि तो ८४वा दिवस असतो. नवीन क्लायंटचा कागद आला की मी अजूनही आधी ही ओळ शोधते.

दुसरी गोष्ट टक्केवारीची. विमा देऊ केला एवढ्याने भागत नाही, तो परवडायलाही हवा. एकट्याच्या सगळ्यात स्वस्त प्लॅनचा हप्ता पगाराच्या ठराविक टक्क्यांच्या आत लागतो आणि तो टक्का आयआरएस, म्हणजे अमेरिकेचं करखातं, दर वर्षी बदलते. २०२३ला ९.१२ होता, २०२४ला ८.३९ झाला. तासाला १५ डॉलर मिळवणारी बाई धरा. मालकाला सोयीची एक पद्धत आहे, तासाचा दर गुणिले १३०. म्हणजे १,९५०. त्याचे ९.१२ टक्के १७७.८४, आणि ८.३९ टक्के १६३.६०. हप्ता दोन्ही वर्षी १७० ठेवला तर पहिल्या वर्षी मालक सुरक्षित, दुसऱ्या वर्षी त्याच १७०वर अडकतो. त्या बाईने बाहेर मार्केटप्लेसवर, म्हणजे सरकारी विमाबाजारात, अनुदानित विमा घेतला की २०२४साठी वर्षाला ४,४६० डॉलरपर्यंत दंडाची शक्यता. सहा डॉलर चाळीस सेंटसाठी! नवा टक्का साधारण जुलै ते सप्टेंबरच्या दरम्यान येतो, हप्ते ठरायच्या आधी. तो आला की क्लायंटला मेल टाकायची. "तुम्ही सांगितलं नाही" हे वाक्य ऐकून घेण्याइतका पगार आम्हाला मिळत नाही.

कोर्टाच्या बातम्यांनी मात्र विचलित होऊ नका. २०१२, २०१५ आणि २०२१, तीनदा हा कायदा सुप्रीम कोर्टात उभा राहिला आणि तिन्ही वेळा टिकला. मेडिकेड, म्हणजे गरिबांसाठीची सरकारी आरोग्ययोजना, वाढवण्याच्या राज्यांवरच्या सक्तीला २०१२मध्ये चाप बसला, पण तो मालकांचा विषय नव्हता. खरा गोंधळ डिसेंबर २०१७च्या करकायद्याने घातला. विमा न घेणाऱ्या व्यक्तीचा दंड २०१९पासून शून्य झाला आणि निम्म्या क्लायंटना वाटलं, आपण सुटलो. मालकाचा दंड जागच्या जागीच होता. तेव्हा 'कधीपासून'च्या जोडीला 'कुणासाठी' हाही प्रश्न लागतो. असंच २३ डिसेंबर २०२४ला झालं. दोन कायद्यांवर सह्या झाल्या. आता १०९५-सी प्रत्येकाला पाठवायलाच हवा असं नाही, नीट सूचना लावली की मागणाऱ्याला दिला तरी चालतं. दंडाच्या नोटिशीला उत्तर द्यायला ३०ऐवजी किमान ९० दिवस मिळतात. पण आयआरएसकडे फाईल करायचं काम तसंच आहे. "फॉर्म बंद झाले ना?" असं विचारणारे मेल त्या जानेवारीत किती आले, मोजले नाहीत.

आणि कोब्रा. नावावर हसून घ्या, मग लक्ष द्या. १९८६चा कायदा, साधारणपणे २० किंवा जास्त माणसं असलेल्या मालकांना लागू. नोकरी गेली की १८ महिने तोच विमा स्वतःच्या पैशाने चालू ठेवता येतो, पूर्ण हप्त्याच्या १०२ टक्क्यांपर्यंत. हे मला पुस्तकातून कळलं होतं. समजलं ते न्यू जर्सीतल्या मावसभावाची नोकरी गेली तेव्हा. रात्री अडीचला, म्हणजे त्याच्या संध्याकाळी, मी शिफ्टवर असताना मिस्ड कॉल. ब्रेकमध्ये लॉकरमधून फोन काढून लावला. म्हणाला, "ताई, काल पाचशे कापायचे, आज दोन हजारांवर मागतायत. लुटतात का गं?" लुटत नव्हते. मालक भरत होता तो वाटा त्याने कधी बघितलाच नव्हता. एच-वन-बी व्हिसावर नोकरी गेली की दुसरी शोधायला ६० दिवस, आणि कोब्रा निवडायलाही ६०. पोरगं घाबरून त्याच रात्री चेक लिहायला निघालं होतं. त्याला सांगितलं, साठाव्या दिवशी निवडलंस तरी विमा तुटला त्या तारखेपासूनच जोडला जातो, फक्त मधल्या महिन्यांचे पैसे भरावे लागतात. पहिल्या भरण्याला निवडल्यापासून ४५ दिवस आहेत. मार्केटप्लेसचाही भाव बघ. तारखा मात्र लिहून ठेव. पुढची नोकरी त्याला सातव्या आठवड्यात लागली, कोब्रा घ्यावा लागला नाही. आईच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या रात्री मिळालं: आपल्याच विम्याचं त्यांनाही नीट कळत नाही.

बाकीचं थोडक्यात. एक्सेलमध्ये तारखांची वजाबाकी हात न थांबता यायला हवी. फ्लोअरवर फोन, पेन, कागद चालत नाहीत, कारण स्क्रीनवर लोकांचे आजार असतात. हे नियम जाचक वाटतील, पण पाळा. नाइट शिफ्टबद्दल मी गोड बोलणार नाही. कॅब घरी सोडते तेव्हा सोसायटीत दूधवाला येत असतो, आणि अॅसिडिटी हमखास. ओपन एनरोलमेंट, म्हणजे पुढच्या वर्षाचा प्लॅन निवडायची मुदत, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, म्हणजे नेमकी दिवाळीत. २०१५चं लक्ष्मीपूजन मी डेस्कवर चिवड्याच्या पुडीवर केलं. सुट्टीचा अर्ज गणपतीतच टाकून ठेवा, मिळण्याची शक्यता तेव्हाच असते. कंपनी फी भरत असेल तर दोनेक वर्षांनी सीईबीएसच्या, म्हणजे बेनिफिट्सच्या कामातल्या प्रमाणपत्राच्या, परीक्षांचं बघा. स्वतःच्या खिशातून घाई नको.

फ्लोअरवर कागद चालत नाही म्हणून माझ्या तारखा घरी, स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर असतात. आईने दुधाच्या खाड्यांसाठी फुल्या मारलेल्या, आणि त्यांच्या मधेच ३१ मार्चच्या चौकोनात माझ्या पेन्सिलीने, 'आयआरएस, ई-फाईल.' परवा तिने विचारलं, "हे बाई तुझं दर वर्षी असतं का?" म्हटलं, हो. "कधीपासून?"