‘सर, एकही एरर नाही!’: मॉडेलिंगमधल्या या चुका टाळा

‘सर, मॉडेल रन झालं, एकही एरर नाही.’ इमारतींचं स्ट्रक्चरल डिझाइन करणाऱ्या आमच्या ऑफिसात नवीन आलेलं प्रत्येक पोर हे पेढे वाटावेत तशा आनंदात सांगतं. मी विचारतो, रिअ‍ॅक्शनची, म्हणजे आधार इमारतीला देतात त्या उलट्या जोराची, बेरीज किती आली? मग शांतता.

माझं सगळ्यात जुनं दुखणं न जुळलेल्या नोडचं, म्हणजे बीम-कॉलम जिथे जोडले जातात त्या बिंदूंचं. एका सात मजली इमारतीचं काम स्टॅड या विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये चालू होतं. आर्किटेक्टचा फोन आला, ‘जिन्याजवळचा बीम साडेसातशे मिलिमीटर खोल? लोक वाकून जाणार का?’ स्पॅन, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, जेमतेम पाच मीटर. पोराला विचारलं, तर म्हणे, ‘साडेचारशे फेल, सहाशेही फेल, म्हणून वाढवला.’ का फेल जातोय, हे पाहायला सवड कोणाला! मी मोमेंटचा, म्हणजे बीमला वाकवणाऱ्या परिणामाचा, आलेख उघडला. एका टोकाला शून्य, दुसऱ्या टोकाला 375 किलोन्यूटन-मीटर. मीटरला 30 किलोन्यूटन भार होता. दोन्ही टोकं जखडलेली असती तर 62च्या आसपास यायला हवेत. बरोब्बर सहापट, म्हणजे बीम गॅलरीसारखा एका टोकावर लटकलेला. कॅड ड्रॉइंगमधल्या रेषा थेट आत घेतल्या होत्या आणि या बीमचं टोक कॉलमच्या नोडपासून 4 मिलिमीटर अलीकडे थांबलं होतं. पडद्यावर जुळलेलंच दिसतं. सॉफ्टवेअर तरी तक्रार का करेल? त्याच्या लेखी कॅन्टिलिव्हर, म्हणजे एकाच टोकावर तोललेला, हाही अगदी धडधाकट बीम.

तेव्हापासून आमच्याकडे कॅडमधून रेषा आत घेणं बंद. कोऑर्डिनेट हातानं टाकायचे. अर्धा दिवस जातो, जाऊ दे. तेवढ्यात इमारत डोक्यात बसते. फारच घाई असेल तर निदान एकमेकांपासून 10 मिलिमीटरच्या आत पडलेले डुप्लिकेट नोड तपासा आणि डिफ्लेक्शन, म्हणजे भाराखालचं वाकणं, अ‍ॅनिमेट करून पाहा. लटकलेला बीम शेपटीसारखा हलताना दिसतो.

दुसरी चूक सेल्फ-वेटची, म्हणजे बांधकामाच्या स्वतःच्या वजनाची. ईटॅब्स या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये डेड लोडला (कायमच्या भाराला) सेल्फ-वेटचा मल्टिप्लायर 1 आधीच असतो. फरशी-प्लास्टरच्या वेगळ्या लोडलाही 1 टाकलात की काँक्रीटचं वजन दोनदा. स्टॅडमध्ये उलट, स्वतः दिल्याशिवाय ते येतच नाही, आणि उणे चिन्ह विसरलात तर इमारत आकाशाकडे ओढली जाते. माझा उपाय पाठकोऱ्या कागदावरचा. काँक्रीट घनमीटरला 25 किलोन्यूटन, वीटकाम 20. म्हणजे 230 मिलिमीटर जाडीची अडीच मीटर उंच भिंत मीटरला साडेअकरा किलोन्यूटन. अशी सगळी बेरीज करून उभ्या रिअ‍ॅक्शनशी ताडायची. पाच टक्क्यांहून जास्त फरक असेल तर मी डिझाइनचं पान उघडतच नाही.

बाकीचं थोडक्यात. भूकंपासाठी आयएस 1893 या भारतीय मानकाच्या 2016च्या आवृत्तीप्रमाणे आरसीसी बीमचा इनर्शिया (वाकण्याला विरोध करण्याची छेदाची क्षमता) पूर्ण छेदाच्या 35 टक्के आणि कॉलमचा 70 टक्के धरायचा. बरेच जण पूर्णच ठेवतात. शेलची, म्हणजे भिंती-स्लॅबसारख्या पातळ भागांची, विश्लेषणासाठीची जाळी ढोबळ ठेवणाऱ्यांना मी नॉर्वेचा स्लाइप्नर ए आठवून देतो: 1991मध्ये तेलाच्या प्लॅटफॉर्मचा काँक्रीटचा तळ बुडाला, कारण विश्लेषणात भिंतींमधला शिअर (कातरणारा ताण) 47 टक्के कमी आला होता.

आणि जुनी फाइल कॉपी करणारे! पुण्याचा भूकंपाचा झोन 3 कोयनानगरच्या इमारतीला तसाच चिकटलेला मी पाहिला आहे. 2016च्या आवृत्तीप्रमाणे तिथे झोन 4, म्हणजे झोन फॅक्टर 0.16 नाही, 0.24. फाइलवर मालकाचं नाव मात्र आठवणीनं बदललेलं होतं.