मेलबॉक्स हलवण्याआधी लॉगची डिस्क बघा

बडोद्यात मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात एक्सचेंज या मायक्रोसॉफ्टच्या मेल सर्व्हरचे मेलबॉक्स नव्या सर्व्हरवर हलवत होतो. डेटाबेससाठी भरपूर जागा ठेवली होती, लॉगच्या डिस्कचा हिशेब मात्र राहिला. रात्रीत ती भरली आणि डेटाबेस डिसमाउंट झाला, म्हणजे बंद पडला. सकाळच्या पाळीला मेल बंद!

हलवलेला प्रत्येक मेल नव्या डेटाबेसच्या ट्रान्झॅक्शन लॉगमध्येही, म्हणजे बदलांच्या नोंदवहीतही, लिहिला जातो. लॉगची एक फाइल 1 एमबीची. म्हणजे 100 जीबी मेलबॉक्स हलवले, तर साधारण लाखभर फाइली धराव्यात, वर थोडी जास्तीची जागा. डीएजी (एकाच डेटाबेसच्या प्रती अनेक सर्व्हरवर ठेवणारा गट) असेल तर प्रत्येक प्रतीच्या डिस्कवर तेवढीच.

म्हणून एका रात्रीत झेपेल तेवढीच तुकडी घ्या आणि प्रत्येक तुकडीनंतर एक्सचेंज ओळखणारा फुल बॅकअप घ्या. तो यशस्वी झाला की जुने लॉग आपोआप निघतात. डिस्क भरत आली म्हणून एक्सप्लोररमधून लॉग उडवू नका, कृपा करून. डेटाबेसच्या फाइलमध्ये अजून न उतरलेला एक लॉग गेला, तरी डेटाबेस उभा राहत नाही.

स्थलांतरापुरतं सर्क्युलर लॉगिंग चालू करता येतं, म्हणजे काम झालेले लॉग बॅकअपची वाट न पाहता निघत राहतात. एकट्या सर्व्हरवर त्यासाठी डेटाबेस डिसमाउंट करून पुन्हा माउंट करावा लागतो. सर्क्युलर लॉगिंग चालू असताना बिघाड झाला तर शेवटच्या बॅकअपपर्यंतच मागे जाता येतं, म्हणून काम संपताच ते बंद करून लगेच फुल बॅकअप घ्या.

जुन्या डेटाबेसची फाइल मात्र मेलबॉक्स गेल्यावरही लहान होत नाही. त्या जागेवर भिस्त ठेवू नका.