पायथॉनमध्ये डिक्शनरींच्या लिस्ट जोडताय? या चुका टाळा

शनिवारी ऐरोलीत माझ्याकडे काही पोरं पायथॉन शिकायला येतात, दोन लिस्ट जोडा म्हटलं की सगळ्यांचा पहिला हात झिपवर, म्हणजे दोन लिस्टमधल्या गोष्टींच्या क्रमाने जोड्या लावणाऱ्या फंक्शनवर. अरे, झिप फक्त कोण कितव्या नंबरवर आहे ते बघतो, आत काय आहे ते नाही!

घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीचा मेंटेनन्सचा हिशोब माझ्याकडे आला होता. दोन लिस्ट, प्रत्येक ओळ म्हणजे एक डिक्शनरी (की म्हणजे नाव आणि व्हॅल्यू म्हणजे त्यापुढची माहिती, अशा जोड्या). एका लिस्टमध्ये फ्लॅट नंबर आणि मालक, दुसरीत फ्लॅट नंबर आणि भरलेली रक्कम, आणि कोणीतरी दोन्ही झिप करून मर्ज केलेल्या. ३०४ वाल्यांनी त्या महिन्यात पैसेच भरले नव्हते, त्यामुळे दुसऱ्या लिस्टमध्ये त्यांची ओळच नाही, मग ३०५ ची रक्कम ३०४ च्या मालकापुढे, ३०६ ची ३०५ च्या, असं शेवटपर्यंत सरकत गेलं. वर मर्ज करताना की सारखी असली की उजवीकडची व्हॅल्यू राहते, म्हणून फ्लॅट नंबरही बदलले. शेवटच्या फ्लॅटच्या आजी तर यादीतूनच गेल्या, कारण छोटी लिस्ट संपली की झिप गुपचूप थांबतो. वेळेवर चेक देणाऱ्या बाईंना थकबाकीची नोटीस! मला आजही त्याचं वाईट वाटतं.

पायथॉन ३.१० पासून झिपला स्ट्रिक्ट ट्रू देता येतं, लांबी वेगळी असेल तर एरर येतो. पण लांबी सारखी आणि क्रम वेगळा असेल तर तेही वाचवत नाही. मी आधी दुसऱ्या लिस्टची फ्लॅट नंबर की असलेली एक डिक्शनरी बनवतो, मग पहिल्या लिस्टवर एकच लूप, आत गेट आणि डिफॉल्ट शून्य, म्हणजे की सापडली नाही तर शून्य. चार ओळी जास्त लागतात, लागू देत, सगळं एका ओळीत बसवायची घाई कशाला?

दुसरं, सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी वेगळा केलेला साधा तक्ता) वाचणारा रीडर आकडेही स्ट्रिंग, म्हणजे मजकूर म्हणूनच देतो. स्ट्रिंग ३०४ आणि इंटिजर ३०४ या वेगळ्या कीज, मग गेट सगळ्यांना शून्य देतो आणि पोरं तासभर लूप तपासत बसतात. दोन्हीकडे आधी एसटीआर (स्ट्रिंग बनवायला) आणि स्ट्रिप (कडेच्या मोकळ्या जागा काढायला) लावा.

डिक्शनरीचा अपडेट नन (None, म्हणजे काहीच नाही) रिटर्न करतो, त्याचा रिझल्ट व्हेरिएबलमध्ये ठेवू नका. नुसत्या लिस्टखाली लिस्ट जोडायची तर एक्स्टेंड, अपेंड नाही, तो अख्खी लिस्ट एकच वस्तू म्हणून घालतो. पाइपने (| या चिन्हाने) डिक्शनरी मर्ज करणं ३.९ पासूनच चालतं. एकाच फ्लॅटचे दोन हप्ते असतील तर डिफॉल्टडिक्ट (नव्या कीला आपोआप सुरुवातीची व्हॅल्यू देणारी डिक्शनरी) घेऊन रक्कम मिळवत जा, नाहीतर शेवटचाच उरतो.

आणि जोडण्याआधी दोन्हीकडच्या कीजचे सेट करून वजाबाकी प्रिंट करा, ३०४ तिथेच दिसला असता.