ओव्हरक्लॉकिंग स्पर्धेआधीची तयारी, आणि तो मेमरी टॅब

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे प्रोसेसर आणि मेमरी ठरलेल्या वेगाच्या वर पळवणं, आणि स्पर्धेत त्या मशीनवर बेंचमार्क, म्हणजे वेग मोजणारा प्रोग्रॅम, चालवून स्कोअरचा स्क्रीनशॉट द्यायचा असतो. सगळ्यात आधी मेमरी टॅब. सीपीयू-झेड म्हणजे प्रोसेसर-मेमरीचे आकडे दाखवणारा प्रोग्रॅम, त्याची एक खिडकी सीपीयू टॅबवर, दुसरी मेमरी टॅबवर, आणि दोन्ही स्कोअरच्या शेजारी, एकाच स्क्रीनशॉटमध्ये. मागच्या स्पर्धेत माझा सुपरपाय ३२एमचा (पायचे तीन कोटींहून जास्त अंक काढायला लागणारा वेळ मोजणारा बेंचमार्क) सगळ्यात भारी रन ह्याच्यापायी उडाला, खिडक्या दोन होत्या पण दोन्ही सीपीयू टॅबवर, आणि हे कळलं तेव्हा चिप थंड करायचा द्रवरूप नायट्रोजन संपलेला. म्हणून ही यादी. बाकीचं क्रमाने घेऊ, पण मधेमधे मी परत ह्याच्यावर येणार आहे, वैताग आला तरी वाचा.

नियम वाचणे. हो, सगळेच म्हणतात वाचले म्हणून. एचडब्ल्यूबॉट, म्हणजे जिथे हे स्कोअर नोंदवतात ती वेबसाइट, तिचे सर्वसाधारण नियम असतात, त्या बेंचमार्कचे वेगळे असतात आणि त्या स्पर्धेच्या त्या स्टेजचे अजून वेगळे, तर तिन्ही वाचायचे, आणि जिथे जुळत नाहीत तिथे आपल्या सोयीचा अर्थ न काढता मॉडरेटरला आधी विचारायचं, लेखी. मित्र म्हणाला चालतं, हे उत्तर नाही. कारण इथे काय चालतं नि काय नाही ह्यात तर्क शोधत बसलात तर डोकं फिरेल. एएमडीच्या ड्रायव्हरमधून टेसलेशन (पृष्ठभागांचे बारीक तुकडे करून तपशील भरणं) बंद करून केलेला थ्रीडीमार्क ह्या ग्राफिक्सच्या बेंचमार्कचा रन एचडब्ल्यूबॉटवर चालतो, तोच रन थ्रीडीमार्कवाल्यांच्या स्वतःच्या हॉल ऑफ फेममध्ये चालत नाही. आणि ल्युसिडचं व्हर्च्यू एमव्हीपी नावाचं सॉफ्टवेअर आलं होतं, जे फ्रेम पूर्ण न काढताच आकडा फुगवायचं, त्यावर मात्र बंदी. दोन्हीकडे ग्राफिक्स कार्डाचं काम कमीच होतंय की, मग एक चालाखी आणि दुसरी लबाडी कशी? माझं मत विचाराल तर पहिली गोष्ट सगळ्यांना माहीत आहे आणि ती करता येते हे लिहून ठेवलंय, एवढाच फरक, आणि तेवढा पुरतो. नियम विचित्र असला तरी सगळ्यांना सारखाच विचित्र असला की झालं.

क्लॉकची, म्हणजे प्रोसेसरच्या वेगाची, मर्यादा असलेली स्टेज असेल तर इथे जरा थांबा. समजा ५००० मेगाहर्ट्झची मर्यादा आहे. क्लॉक म्हणजे बीसीएलके (बोर्डाचा मूळ क्लॉक) गुणिले मल्टिप्लायर, तर तुम्ही मल्टिप्लायर ५० लावता, बीसीएलके १०० वर सोडता आणि निवांत बसता, पण बोर्ड खरं तर १००.०२ देत असतो, म्हणजे सीपीयू-झेडमध्ये ५००१ दिसतं आणि रन गेला. किती सूट आहे ते स्टेजच्या नियमात बघा, काही लिहिलं नसेल तर सूट नाही असंच धरा आणि बीसीएलके ९९.९८ ला आणा, ४९९९ वर बसेल, एका मेगाहर्ट्झने कोणी हरत नाही. स्प्रेड स्पेक्ट्रम बंद करा, पॉवर सेव्हिंगही बंद करा, नाहीतर रन संपल्यावर प्रोसेसर सुस्तावतो आणि स्क्रीनशॉटमध्ये ८०० मेगाहर्ट्झ दिसतात. मला तर अशाच स्टेज जास्त आवडतात. क्लॉक सगळ्यांचा सारखा, मग खेळ उरतो मेमरीच्या टायमिंगचा आणि ऑपरेटिंग सिस्टिम किती हलकी केलीय ह्याचा, आणि ज्याच्याकडे पन्नास चिप्समधून निवडलेली चिप आहे त्याचा फायदा बराच कमी होतो.

आणि ह्याच स्टेजमध्ये मेमरी टॅब नसेल तर सबमिशनला काही अर्थच नाही. ३२एम मेमरीवर प्रचंड अवलंबून असतो. सारखा क्लॉक, सारखी मेमरी, सारखी टायमिंग असली की चांगल्या लोकांच्या वेळा एका अरुंद पट्ट्यात येतात. मॉडरेटर बघतो ते हेच, तुमची वेळ त्या पट्ट्यात बसते का. मेमरी किती मेगाहर्ट्झवर होती, सीएल (मेमरीची एक टायमिंग) किती होता हेच दिसत नसेल तर तो ताडून काय बघणार? त्याने तुमच्यावर विश्वास ठेवायचा, बस? तुम्ही दुसऱ्या टीमच्या अशा रनवर ठेवला असता का?

आता ऑपरेटिंग सिस्टिम आणि वेळ. हे नीट समजून घ्या, कारण ह्यात माणूस लबाडी न करताही लबाड ठरू शकतो. बेंचमार्क म्हणजे शेवटी काम भागिले वेळ, आणि वेळ सांगणार विंडोज. २०१३ च्या ऑगस्टमध्ये एचडब्ल्यूबॉटने विंडोज ८ वरचे रन घेणं बंद केलं, कारण असं सापडलं की मशीन एका बीसीएलकेवर बूट केलं आणि विंडोजमध्ये आल्यावर तो बदलला की विंडोजचं घड्याळच चुकीच्या वेगाने चालायला लागतं. १३० वरून १२२ वर आणला, म्हणजे साधारण ६ टक्के खाली, तर पाच मिनिटांत घड्याळ १८ सेकंद मागे पडतं. मग मल्टिप्लायर वाढवून क्लॉक परत तिथेच आणायचा, काम तेवढंच, वेळ मात्र कमी लागल्यासारखी दिसते, आणि स्कोअर चढतो. स्क्रीनशॉट बघून हे कोणालाही कळत नाही, आकडे सगळे खरेच दिसतात. नंतर हार्डवेअरप्रमाणे सूट मिळत गेली, त्यामुळे तुमच्या प्लॅटफॉर्मला आज कोणती विंडोज चालते हे त्या बेंचमार्कच्या नियमात बघा, चार वर्षांपूर्वी कोणीतरी सांगितलेलं धरून बसू नका.

म्हणून बेंचमेट नावाचा प्रोग्रॅम. तो मशीनमधली वेगवेगळी टायमर एकमेकांशी ताडून बघतो, कुठलं सरकलं असेल तर पकडतो आणि निकालाची फाईल अशी बांधतो की नंतर आकड्यात हात घालता येत नाही. काही बेंचमार्कला तो सक्तीचा आहे, बाकीच्यांनाही वापरा, उगाच संशय कशाला. आधीच्या दिवशी टाका, स्पर्धेच्या रात्री नाही, आणि एक फालतू रन पूर्ण करून निकालाची फाईल खरंच सेव्ह होतेय का ते बघा. थ्रीडीमार्क असेल तर त्याच्यासोबतचं सिस्टिमइन्फो, म्हणजे मशीनची माहिती वाचणारं सॉफ्टवेअर, अपडेट करा, जुनं असलं की निकाल व्हॅलिड होत नाही आणि मग तुम्ही अर्धी रात्र ग्राफिक्स ड्रायव्हरला दोष देत बसता.

सुपरपायसाठी विंडोज एक्सपी असेल तर तिची ड्राइव्ह वेगळी ठेवा, आणि त्या एक्सपीवर उघडणारी सीपीयू-झेडची आवृत्ती आधीच डेस्कटॉपवर टाका. टाकलीत? मग उघडून बघा. दुसरी खिडकी उघडा. मेमरी टॅबवर क्लिक करा. मेमरीचे आकडे दिसतात ना, की रकाने रिकामे? जुन्या आवृत्तीला नवी मेमरी वाचता येत नाही असं होतं, आणि रिकामा मेमरी टॅब म्हणजे मेमरी टॅब नसल्यासारखाच. सुपरपायची १.५ एक्सएस मॉड हीच आवृत्ती हवी, तिच्यात चेकसम आहे, म्हणजे निकालात फेरफार झाला तर कळवणारा आकडा. ३२एममध्ये २४ लूप, म्हणजे फेऱ्या, असतात, १एममध्ये १९, खिडकी अशी ठेवा की शेवटची वेळ आणि चेकसम झाकले जाणार नाहीत. कॉपी वाझा, म्हणजे मोठी फाईल कॉपी करून सिस्टिम कॅशे तयार करणं वगैरे, हे सगळं चालतं, बिनधास्त करा. फक्त ते करताना सीपीयू-झेड बंद असतं, म्हणून तर ते नंतर उघडायचं राहतं.

हार्डवेअर. स्वतःचं वापरा. एकच चिप टीममधल्या दोघातिघांनी फिरवून प्रत्येकाच्या नावावर पॉइंट घेणे ह्याला हार्डवेअर शेअरिंग म्हणतात आणि त्यावर बंदी आहे, आणि ते पकडलंही जातं कारण चिपची वागणूक, फोटोतला बोर्ड, बॅच नंबर, लोक बारीक बघतात. विकत घेतलेली वापरलेली चिप वेगळी गोष्ट, तेव्हा व्यवहाराचा पुरावा जपून ठेवा. इंजिनीअरिंग सॅम्पल (बाजारात येण्याआधीची चाचणीची चिप) असेल तर आधी विचारा, बऱ्याचदा स्पर्धेत ते बाद असतं. आणि हो, कंपनीकडून चिप्स मिळणारे आणि स्वतःच्या खिशातून घेणारे एकाच यादीत हा रडका विषय जुना आहे, त्यासाठीच वेगळ्या लीग केल्यात, आपली कोणती ते बघून त्यातच खेळा. २०२२ च्या डिसेंबरात एल्मर नावाच्या ओव्हरक्लॉकरने आणि आसूसच्या टीमने आय९-१३९००के प्रोसेसर द्रवरूप हीलियमवर ९००८ मेगाहर्ट्झला नेला, ते बघायला मजा येते, पण तो तुमचा प्रतिस्पर्धी नाही.

कूलिंगच्या नियमावरूनही भांडणं होतात. अँबियंट म्हणजे हवा किंवा साधं पाणी, बर्फ नाही, चिलर नाही. थंडीच्या दिवसांत खिडकी उघडून बसणारे असतात, त्यावरून वाद घालत बसू नका, नियमात पाण्याचं किमान तापमान दिलं असेल तर थर्मामीटरसकट फोटो काढा आणि पुढे चला. नायट्रोजन असेल तर तो −१९६ डिग्रीचा आणि ड्राय आइस −७८ च्या आसपास, तुमच्या चिपचा कोल्ड बग, म्हणजे ज्या थंडीखाली ती चालेनाशी होते ते तापमान, कुठे लागतो ते आधी माहीत हवं, स्पर्धेत शोधायचं नाही. पेस्ट अशी हवी की जी त्या थंडीत तडकत नाही. ओल बसू नये म्हणून सॉकेटभोवती व्हॅसलीन, आर्माफ्लेक्स (रबरी फोम), टिश्यू पेपर, हे माहीत आहेच. एक गोष्ट मात्र माहीत असूनही लोक करत नाहीत, खोली उघडी ठेवणे. एक लिटर द्रवाचा सुमारे ७०० लिटर वायू होतो, तो खोलीतला ऑक्सिजन ढकलून देतो, वास येत नाही, कळत नाही. डेवारचं, म्हणजे नायट्रोजन साठवायच्या भांड्याचं, झाकण घट्ट बसवायचं नाही, कधीच.

रिगचा, म्हणजे मांडलेल्या मशीनचा, फोटो रनच्या आधी काढून टाका, पॉट (चिपवरचं नायट्रोजन ओतायचं भांडं) आणि बोर्ड दोन्ही दिसतील असा. नंतर सगळं बर्फाने पांढरं होतं आणि त्यात काय लावलंय ते दिसत नाही.

आता रनची रात्र. स्पर्धेचा ठरलेला वॉलपेपर असेल तर तो लावा, प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमवर, एक्सपीवर सुद्धा. नोटपॅडमध्ये टोपणनाव आणि तारीख. आणि मग मेमरी टॅब. का विसरतो माहितीये? रन संपतो तेव्हा एका हातात थर्मास असतो, दुसरा हात माउसवर, डोळे थर्मामीटरवर, पॉट −१८० वरून वर चढायला लागलेला असतो आणि व्होल्टेज अशा ठिकाणी आहे की सीपीयू-झेड उघडल्यावर मशीन गोठू शकतं. गोठलं की स्कोअर गेला. म्हणून घाईत पहिली खिडकी उघडते, दुसरी उघडते, टॅब बदलायचा राहतो. काही जण आधी क्लॉक खाली आणतात आणि मग उघडतात, पण मग स्क्रीनशॉटमधला क्लॉक स्कोअरला कमी पडतो आणि एवढ्या क्लॉकला हा स्कोअर आला कसा म्हणून प्रश्न येतो. उपाय एकच, सराव. घरच्या तापमानाला, साध्या क्लॉकवर, रन संपला की खिडकी, खिडकी, मेमरी टॅब, स्क्रीनशॉट, सेव्ह. हात आपोआप जाईपर्यंत. मॉनिटरच्या कडेला चिकटपट्टीवर मोठ्या अक्षरात लिहा, मेमरी टॅब. शेजारी कोणी बसलं असेल तर त्याचं काम एवढंच, रन संपला की ओरडायचं. थ्रीडी असेल तर ग्राफिक्स कार्डाचे आकडे दाखवणारं जीपीयू-झेड पण, पण ते कोणी विसरत नाही.

स्क्रीनशॉट सेव्ह झाला की लगेच पेनड्राइव्हवर. उघडून बघा. मेमरी टॅब आहे? मगच पुढचा रन. क्रॉप करू नका, वर बाण काढू नका, जेपीजी करून आकडे पुसट करू नका.

सबमिशन. अंतिम वेळ कोणत्या टाइमझोनची ते बघा. शेवटच्या पाच मिनिटांसाठी स्कोअर लपवून ठेवणारे असतात, नियमात बसतं, पण तेव्हाच अपलोड अडकतो, आणि काही चुकलं असेल तर दुरुस्तीला वेळ नसतो, मी तरी आधी टाकून मोकळा होतो. क्लॉक, मेमरी, कूलिंग हाताने भरताना नीट भरा, वॉटरच्या जागी एलएनटू (द्रवरूप नायट्रोजन) पडलं तर लीगच बदलते.

दुसऱ्याच्या रनवर शंका असेल तर रिपोर्ट करा, कारण लिहून, चॅटवर आरडाओरडा करायचा नाही. आपल्यावर रिपोर्ट आला तर मूळ फाईल, बेंचमेटचा निकाल, फोटो पाठवायचे, वाद नंतर. निकाल लागेपर्यंत ड्राइव्ह फॉरमॅट करायची नाही आणि चिप विकायची नाही, पुन्हा चालवून दाखवा म्हणू शकतात.

बोर्ड सुकवा, निदान एक दिवस, पंख्याखाली. सॉकेटमधलं पाणी दिसत नाही, तिथे टिश्यूचं टोक घालून बघा, ओलं आलं तर अजून एक दिवस.