एपी इंग्लिशमध्ये ५ मिळाले, म्हणून लेखनाचा कोर्स गाळावा का?

मे महिन्यात एपीच्या (अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट, म्हणजे शाळेत असतानाच द्यायच्या कॉलेजच्या पातळीच्या, १ ते ५ गुणांच्या) परीक्षा होतात, जुलैत निकाल लागतो, आणि भारतातून नुकत्याच अमेरिकेत आलेल्या मराठी घरांत हिशेब सुरू होतो की, एपी इंग्लिशमध्ये ४ किंवा ५ आहेत, तर पहिल्या वर्षाच्या लेखनाच्या कोर्सचे पैसे कशाला भरायचे? माझे मत आरंभीच सांगतो: कॅल्क्युलसचे क्रेडिट (म्हणजे एपीच्या गुणांवर कॉलेजातला तो कोर्स झाला असे धरून घेणे) खुशाल घ्यावे, पण मूल अकरावी-बारावीच्या वयात इकडे आले असेल, तर लेखनाचा कोर्स सहसा गाळू नये.

एपी इंग्लिशमधल्या ‘लँग्वेज’ या परीक्षेत सव्वादोन तासांत तीन निबंध लिहावे लागतात. आपली मुले घड्याळ लावून लिहिण्यात तरबेज असतात, त्यामुळे गुण चांगले पडतात. कॉलेजातल्या लेखनाच्या वर्गात मात्र एकच निबंध तीन-चार आठवडे चालतो. कच्चा खर्डा द्यावा लागतो, सहाध्यायी तो वाचून शेरे मारतात, ग्रंथालयातून संदर्भ शोधावे लागतात आणि मग सारे पुन्हा लिहावे लागते. वर्ग बहुधा लहान असतो, त्यामुळे शिक्षक मुलाचे प्रत्येक पान वाचतो. परीक्षेत यातले काहीच तपासले जात नाही.

आता ज्यात खरे नुकसान होते, ते सांगतो. महाराष्ट्रात दहावी-बारावीला पाठ्यपुस्तकातली किंवा गाइडमधली वाक्ये जशीच्या तशी उत्तरात उतरवली की शाबासकी मिळते. इथे तीच वाक्ये अवतरणचिन्हांशिवाय आणि संदर्भाशिवाय दिली की वाङ्मयचौर्य ठरते. आमच्या ओळखीच्या एका मुलाने ५ गुणांच्या जोरावर लेखनाचा कोर्स गाळला आणि दुसऱ्या वर्षी इतिहासाच्या दहा पानी निबंधात एका पुस्तकाचे परिच्छेद थोडे शब्द बदलून घातले. शिक्षिकेने समासात लिहिले, ‘हा विचार तुझा की लेखकाचा?’ आणि प्रकरण शिस्त समितीकडे पाठवले. त्या विषयात त्याला शून्य मिळाले, शिष्यवृत्ती गेली, आणि तीन क्रेडिटची फी वाचवायला निघालेल्या घराला एका सत्राची फी नव्याने भरावी लागली. मुलगा लबाड नव्हता. शब्दांतर कुठे संपते आणि चोरी कुठे सुरू होते, हे त्याला कुणी बसून शिकवलेच नव्हते, आणि जिथे ते शिकवले जाते तो वर्ग त्याने वगळला होता.

महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात कुणाच्या मुलाने किती क्रेडिट आणली याची चढाओढ चालते. तिच्याकडे काणाडोळा करावा, कारण तिथे बोलणारे निकाल सांगतात, कॉलेजचे नियम सांगत नाहीत. हार्वर्ड, प्रिन्स्टन, स्टॅनफर्ड आणि ड्यूक येथे एपीचे गुण कितीही असले तरी लेखनाचा कोर्स करावाच लागतो. याउलट अनेक सरकारी विद्यापीठे ३ गुणांवरही क्रेडिट देतात. मात्र ते लेखनाच्या अटीपोटी धरतात की नुसते ऐच्छिक म्हणून जमा करतात, हे विद्यापीठाच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावे.

मुलाला डॉक्टर व्हायचे असेल, तर जास्तच सावध राहावे. काही वैद्यकीय महाविद्यालयांना इंग्रजी किंवा लेखनाचे कोर्स कॉलेजात केलेलेच लागतात आणि एपीचे क्रेडिट ती मानत नाहीत, आणि हे तिसऱ्या वर्षी समजले की वेळापत्रकाची ओढाताण होते.

मूल इथेच लहानाचे मोठे झाले असेल आणि शाळेत संदर्भांसह लांब शोधनिबंध लिहून झाले असतील, तर क्रेडिट घेऊन थेट पुढच्या पातळीचा लेखनप्रधान कोर्स घ्यायला हरकत नाही.

ओरिएंटेशनला (नव्या विद्यार्थ्यांच्या परिचय-सत्राला) नावनोंदणी करताना लेखनाच्या वर्गात जागा धरून ठेवावी, कारण सोयीच्या वेळेचे वर्ग लगेच भरतात. एपीचे क्रेडिट खात्यावर असताना तोच कोर्स केला, तर बहुतेक ठिकाणी त्यातले एकच मोजले जाते. म्हणून सल्लागाराला ते आधी विचारावे, आणि विचार बदललाच तर अ‍ॅड-ड्रॉपच्या (कोर्स घेण्या-सोडण्याच्या मुदतीच्या) अखेरच्या तारखेपूर्वी नाव काढून घ्यावे, म्हणजे फी परत मिळते.