मेपल फ्लेवरचं सिरप घरी: पाक, सुगंध आणि साठवण

मेपलच्या झाडाचा रस आटवून केलेलं सिरप वेगळं आणि साखरेच्या पाकात मेपलचा सुगंध घालून केलेलं नाश्त्याचं सिरप वेगळं. झाडाचा साधारण ४० लिटर रस आटवावा तेव्हा १ लिटर खरं सिरप हाती येतं. पाकाचं सिरप पाऊण तासात घरच्या शेगडीवर होतं. पण एक गोष्ट दोन्हींत सारखी आहे आणि सगळी मेख तिथेच आहे: तयार सिरपमध्ये वजनाने ६६ ते ६७ टक्के साखर हवी. कमी पडली की बुरशी धरते, जास्त झाली की बाटलीच्या तळाशी खडे बसतात. इसेन्स कुठला आणि साखर कुठली हे नंतरचे प्रश्न.

साहित्य (सुमारे ९०० मिली सिरपसाठी)

- पांढरी साखर: ५०० ग्रॅम
- ब्राउन शुगर: ३०० ग्रॅम
- पाणी: ५०० मिली
- लिंबाचा रस: १ छोटा चमचा (किंवा क्रीम ऑफ टार्टर पाव छोटा चमचा)
- मीठ: पाव छोटा चमचा
- मेपल इसेन्स: १ छोटा चमचा, म्हणजे ५ मिली, आधी अर्धाच घालायचा
- व्हॅनिला इसेन्स: अर्धा छोटा चमचा

साखर कपाने मोजू नका. ब्राउन शुगर दाबून भरली तर एका कपात बरीच जास्त मावते, सैल भरली तर कमी, आणि ही तफावत थेट पाकाच्या दाटपणात उतरते. स्वयंपाकघरातला साधा वजनकाटा पुरतो.

निव्वळ पांढऱ्या साखरेचं सिरपही चांगलं लागतं, फक्त ते फिकट आणि एकसुरी होतं. ब्राउन शुगरमधली मळी रंग देते आणि चवीला खोली देते. सगळीच ब्राउन शुगर घेतली तर मात्र मळीची चव मेपलच्या वर चढते. ५०० आणि ३०० हे प्रमाण त्यासाठीच.

लिंबू आंबटपणासाठी नाही. आम्लात साखर उकळली की तिचा काही भाग फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज तयार होतं. साखरेच्या कणांना एकमेकांना चिकटून स्फटिक बांधायचा असतो. ही दोन मंडळी मध्ये आली की ती रचना जमत नाही. लिंबाची चव अजिबात नको असेल तर १०० ग्रॅम पांढरी साखर कमी करून तेवढंच लिक्विड ग्लुकोज घाला, तेही हेच काम करतं. मधानेही हे साधतं, पण मध घातलेलं सिरप एक वर्षाच्या आतल्या बाळाला देऊ नका. मधात बोट्युलिझम या गंभीर विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात आणि ते उकळण्याने मरत नाहीत.

पाक करताना

निदान ३ लिटरचं, जाड बुडाचं पातेलं घ्या. पाक उकळताना फेसाने झपाट्याने वर येतो आणि लहान पातेल्यातून उतू गेला की शेगडीवर जळून बसतो. आधी रिकाम्या पातेल्याचं वजन करून कागदावर लिहून ठेवा. हा आकडा पुढे लागणार आहे.

पाणी, दोन्ही साखरा, मीठ आणि लिंबाचा रस पातेल्यात एकत्र करा. मंद आचेवर ठेवून साखर पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा. विरघळली की नाही हे डोळ्यांनी नीट कळत नाही, कारण ब्राउन शुगरमुळे पाक गढूळ दिसतो. चमचा तळाशी घासून पाहा. खरखर लागली तर अजून थांबा. एकही दाणा न विरघळता उकळीत गेला तर पुढे त्याच्याभोवतीच साखर जमत जाते.

दाणा उरला नाही की आच वाढवा, उकळी आली की दोन-तीन मिनिटं झाकण ठेवा. आतल्या वाफेने कडेला चिकटलेली साखर धुऊन खाली येते. फेस वर येतोय का याकडे लक्ष असू द्या आणि आच मध्यम ठेवा. मग झाकण काढा आणि यापुढे ढवळू नका. उकळत्या पाकात चमचा फिरवत राहिलं की कडेचा पाक वर-खाली होतो, तिथे सुकलेले कण परत आत पडतात आणि बाटलीत भरलेलं सिरप आठवड्याभरात साखरतं. कडेला काही दिसलंच तर ओल्या ब्रशने पुसून घ्या. फेस आवरत नसेल तर तेलाचा एक थेंब पुरे.

आता पाणी आटवायचं. सगळं मिळून सुमारे १३०० ग्रॅम आहे, ते १२०० ग्रॅमवर आणायचं. पसरट पातेल्यात सहा-सात मिनिटं लागतात, उभ्या पातेल्यात जास्त. घड्याळावर विसंबू नका. पुढच्यापैकी एक तरी पद्धत वापरा.

सगळ्यात भरवशाची वजनाची. समजा रिकामं पातेलं ८५० ग्रॅम भरलं, तर पाकासकट २०५० ग्रॅम झालं की काम झालं. गरम पातेलं थेट काट्यावर ठेवू नका, काटा बिघडतो. काट्यावर लाकडी फळी ठेवून आकडा शून्य करा आणि मग फळीवर पातेलं ठेवा. वजन १२०० पेक्षा खाली गेलं असेल तर जेवढे ग्रॅम कमी तेवढं उकळतं पाणी घालून एक उकळी काढा. चूक अशी ग्रॅमच्या हिशेबाने दुरुस्त करता येते, दुसऱ्या कुठल्या पद्धतीत ते जमत नाही.

दुसरी थर्मामीटरची. ६६-६७ टक्क्यांचा पाक पाण्यापेक्षा सुमारे ४ अंश जास्त तापमानाला उकळतो. समुद्रसपाटीला तो १०४ अंश सेल्सिअस. उंचावर पाणीच आधी उकळतं, दर ३०० मीटरला जवळपास १ अंश कमी. म्हणून पुस्तकातला १०४ धरून बसू नका. आधी नुसतं पाणी उकळून तुमचा थर्मामीटर किती दाखवतो ते पाहा आणि त्यात ४ मिळवा. त्यात थर्मामीटरची स्वतःची चूकही धरली जाते. त्याचं टोक तळाला टेकू देऊ नका.

तिसरी डोळ्यांची आणि बोटांची. बशी फ्रीझरमध्ये पाच मिनिटं ठेवा, तिच्यावर पाकाचे चार थेंब टाका, अर्धं मिनिट थांबा आणि बशी तिरकी करा. थेंब पाण्यासारखे पळाले तर पाक कच्चा आहे. जड होऊन सावकाश ओघळले तर झाला. थंड थेंब दोन बोटांत धरला तर चिकट लागावा, पण तार ओढली जाऊ नये. एकतारी पाक म्हणजे आपण पुढे निघून गेलो.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे गरम पाक पातळ दिसतो म्हणून आणखी आटवणं. गरम सिरप नेहमीच पातळ दिसतं, थंड झाल्यावरच त्याचा खरा दाटपणा कळतो. बाजारातलं सिरप जास्त घट्ट असतं, कारण त्यात बहुधा कॉर्न सिरप आणि सेल्युलोज गम असतो. तसाच घट्टपणा हवा असेल तर साखर वाढवू नका. पाव छोटा चमचा झँथन गम दोन चमचे कोरड्या साखरेत मिसळा आणि अगदी सुरुवातीला पाण्यात घाला. ही दोन चमचे साखर ८०० ग्रॅममधलीच. गम थेट गरम पाकात टाकला तर गुठळ्या होतात आणि मग मोडत नाहीत. कॉर्नफ्लोअरचं सिरप लगेच संपवायचं असेल तर ठीक, साठवायला नको. ते गढूळ होतं आणि लवकर बिघडतं.

सुगंध

आच बंद करा. बुडबुडे पूर्ण बसू द्या. मगच इसेन्स घाला. इसेन्समध्ये बहुधा अल्कोहोल असतं. उकळत्या पाकात पडलं की ते फसकन उसळतं आणि वासही वाफेबरोबर निघून जातो. आधी अर्धा चमचा मेपल आणि सगळा व्हॅनिला घालून हलवा, मग थोडं सिरप चमच्यात घेऊन पूर्ण गार करून चाखा. गरम असताना वास जास्त आणि चव कमी कळते, त्यामुळे हात सैल सुटतो. इसेन्स जास्त झाला तर जिभेवर औषधासारखा कडवटपणा राहतो, आणि त्यावर बिनसुगंधी पाक वाढवण्याखेरीज उपाय नाही.

इसेन्स नसेल तर मेथीदाण्यांनी काम भागतं, आणि हा जुगाड नव्हे. मेपल सिरप आणि मेथी या दोन्हींच्या वासामागे सोटोलॉन नावाचं एकच संयुग आहे. मेपलच्या कृत्रिम चवींमध्ये मेथीचा अर्क वापरला जातो तो त्यामुळेच. न्यूयॉर्क शहरात २००५ पासून अधूनमधून मेपल सिरपचा गोड वास पसरायचा. २००९ मध्ये शोध लागला की तो न्यू जर्सीतल्या एका कारखान्यातून येत होता आणि तिथे मेथीदाण्यांवर प्रक्रिया होत होती.

एक छोटा चमचा मेथीदाणे कोरड्या तव्यावर मंद आचेवर परता. पहिल्यांदा हिरवट, कच्चा वास येतो. मग दाणे किंचित गडद होतात आणि वास एकाएकी गोडसर, जळक्या साखरेकडे झुकणारा होतो. त्याच क्षणी उतरवा, कारण तांबूस झाले की कडू. दाणे अख्खेच ५०० मिली गरम पाण्यात २० मिनिटं झाकून ठेवा आणि गाळा. पाणी जेवढं कमी झालं असेल तेवढं भरून पुन्हा ५०० मिली करा आणि त्यातच पाक करा. दाणे कुटू नका, पाण्यात उकळूही नका; कडवटपणा उतरतो आणि मेथीचा बुळबुळीतपणा पाकात येतो. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्यांना मेथीही बाधू शकते, त्यांच्यासाठी इसेन्सच बरा.

भरणं आणि टिकवणं

प्लास्टिक नको, काचेच्या बाटल्या घ्या. पाक होत असतानाच बाटल्या आणि झाकणं १० मिनिटं पाण्यात उकळून काढा आणि गरम असतानाच भरा. गार काचेत गरम पाक ओतला की बाटली तडकते. भरताना सिरप ८५ अंशांच्या खाली गेलेलं नसावं. चव पाहण्यात वेळ गेला असेल तर परत मंद आचेवर गरम करून घ्या. वर बोटाएवढी जागा ठेवा, तोंड स्वच्छ फडक्याने पुसा, झाकण घट्ट लावा आणि बाटली मिनिटभर आडवी करा, म्हणजे गरम सिरप झाकणाच्या आतल्या बाजूलाही लागतं. पाक अंगावर उडाला तर तो चिकटून राहतो आणि पाण्यापेक्षा खोल भाजतो. भाजलेला भाग २० मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली धरा.

झाकण उघडं टाकून बाटली गार करायची, किंवा कोमट सिरप भरून झाकण लावायचं, या दोन्ही सवयी सोडा. कोमट सिरपची वाफ झाकणाला लागून थेंब होते, थेंब सिरपच्या पृष्ठभागावर पडतात आणि वरचा पातळ थर ६६ टक्क्यांच्या कितीतरी खाली येतो. खालचं सगळं सिरप उत्तम असतं, बुरशी धरते ती त्या थरात. ओला चमचा बाटलीत घातला तरी तेच होतं.

फ्रिजमध्ये हे सिरप दोन ते तीन महिने टिकतं. मोठ्या बाटलीपेक्षा लहान लहान बाटल्या भरा, उघडलेली एक वापरात आणि बाकीच्या बंद. प्रत्येकीवर तारीख लिहा. फ्रीझरमध्येही ठेवता येतं. एवढ्या साखरेमुळे ते गोठून दगड होत नाही, नुसतं जड होतं. सिरपमध्ये लोणी घालायचं असेल तर वाढताना, वाटीपुरतंच घाला. बाटलीत ते खवट होतं. आणि साखर निम्मी करून केलेलं सिरप साठवणीचं नाही. इथे साखर फक्त गोडीला नसते, टिकवण्याचं कामही तीच करते. असं सिरप फ्रिजमध्ये ठेवून आठवड्याभरात संपवा.

बाटली उघडताना फस्स आवाज आला, वर फेस दिसला किंवा आंबूस वास आला तर यीस्टने आंबवलं आहे. बुरशीचा ठिपका दिसला तर वरचा थर काढून बाकीचं वापरू नका. दोन्ही वेळा पूर्ण बाटली टाकून द्या.

तळाशी खडे बसले असतील तर मात्र काही बिघडलेलं नाही. नुसती बाटली गरम पाण्यात ठेवल्याने खडे विरघळतात, पण थंड झाल्यावर परत येतात, कारण पाणी कमीच आहे. सिरप पातेल्यात काढा. बाटलीला चिकटलेले खडे त्यातच थोड्या गरम पाण्याने विरघळवून ओता. ९०० मिलीमागे सगळं मिळून दोन मोठे चमचे पाणी होईल असं पाहा, एक उकळी काढा, खरखर उरली नाही याची खात्री करा आणि नव्याने उकळलेल्या बाटलीत भरा.